बाणाच्या टोकाला रंग कुठून आला?

पूर ओसरला की गंगाखेडजवळ नदीकाठी गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. इथले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. या गोट्यांत काळ्या बेसाल्टचे पुष्कळ. पण त्यांवर पाणी शिंपडले की लाल, मधासारखे, हिरवट, दुधी दगडही चमकू लागतात. दख्खनमधल्या अश्मयुगीन माणसाने बाणांची टोके बनवली ती अशाच दगडांची. काळा पाषाण पायाखाली असताना त्याने हे रंगीत दगड का शोधले असतील?

सुरुवातीला त्याने काळाच दगड वापरला होता. नेवाशाजवळ चिरकी येथे गुड्रुन कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. तिथल्या हातकुऱ्हाडी प्रामुख्याने बेसाल्ट व डोलेराइटच्या होत्या. नेवाशातच ह. धी. सांकळिया यांना नंतरच्या, मध्य पुराश्मयुगातील तासण्या मिळाल्या, त्या मात्र चर्ट, जास्पर आणि अकीक या दगडांच्या. पैठणजवळ मुंगी येथे तर १८६० च्या दशकातच ए. बी. विन या भूवैज्ञानिकाला गोदावरीच्या गाळात अकीकाचा छिलका सापडला होता.

या बदलाचे कारण दगडाच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि कॅल्सेडनी साचली. अकीक हा तिचाच पट्टेदार प्रकार. तिचे स्फटिक इतके सूक्ष्म असतात की ठोका दिल्यावर भेग काचेतल्यासारखी सलग धावते आणि धारदार छिलका सुटतो. बेसाल्टचे कण त्यामानाने भरड. हातकुऱ्हाडीला तो चालतो, पण बोटाच्या पेराएवढ्या पात्याला नाही.

पुढच्या काळात बाणाचे टोक बहुधा अशाच इवल्या पात्यांचे असे. त्यांची एक कड बोथट करून चंद्रकोर किंवा त्रिकोण घडवायचा आणि तो राळेने काडीत बसवायचा. काडी कुजते, राळ जाते, हाती येते ती फक्त चंद्रकोर. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना तांबे ठाऊक होते. तरी ते दुर्मिळ असल्याने कॅल्सेडनीची पाती ते बनवतच राहिले. युरोपात हेच काम चुनखडकातल्या करड्या-काळ्या फ्लिंटने केले, तर मेक्सिकोत ज्वालामुखीच्या काचेने. हाताशी असलेल्या खडकाने रंग ठरवला.

शुद्ध सिलिकाला रंग नसतो. लोहाच्या ऑक्साइडने तिला लाल रंग येतो, जलयुक्त ऑक्साइडने पिवळा-तपकिरी, तर क्लोराइटसारख्या खनिजांनी हिरवा. पिवळसर अकीक तापवला की पाणी निघून जाते आणि तो लाल होतो. खंबातचे कारागीर हेच करतात.

मग लाल टोक लाल आवडला म्हणून केले, की लाल गोटा मिळाला म्हणून? हे तपासता येते. नदीतले शंभर गोटे डोळे मिटून उचलावेत, त्यांतले सूक्ष्मकणी वेगळे काढून रंगांप्रमाणे मोजावेत. तेच प्रमाण त्या परिसरातल्या अवजारांत दिसले, तर माणसाने मिळेल ते घेतले; लाल फारच जास्त निघाले, तर निवडीची शक्यता विचारात घ्यावी लागेल. गोटे मोजण्याचे काम शाळेतल्या मुलांनाही जमेल.

मात्र अवजार दिसले तर ते खिशात घालू नये. जागा टिपावी, चित्र काढावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. दगडाचे वय कोट्यवधी वर्षांचे. त्याला आकार कधी दिला गेला हे त्याच्याभोवतीचा थर सांगतो. वाळूच्या उपशात तो थर गेला, तर हाती उरतो नुसता सुंदर खडा.