चौलचा वेढा, फिरंगी मद्य आणि सणाचे ताट

इ. स. १५७१ चा फेब्रुवारी सरत आला होता. चौलच्या तटाबाहेर रोजे संपत होते आणि तटाच्या आत उपवास सुरू होत होते.

तत्कालीन कालगणना जुळवून पाहिली, तर हिजरी ९७८ ची रमजान ईद २६ फेब्रुवारीच्या सुमारास येते. ख्रिस्ती पंचांगातला राखेचा बुधवार त्या वर्षी २८ फेब्रुवारीला होता. म्हणजे बाहेर अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत शव्वालचा चंद्र उगवला आणि दोनच दिवसांनी आतल्या पोर्तुगीजांचा मांस वर्ज्य असलेला दीर्घ उपवासकाळ लागला. वेढा त्यानंतरही चालूच राहिला. १५ एप्रिलचा ईस्टर गेला, मेच्या आरंभी बकरी ईदही गेली.

हे चौल म्हणजे आजचे रेवदंडा. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात पोर्तुगीजांना येथे वखारीची आणि पुढे किल्ल्याची परवानगी मिळाली. निजामशाहीला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते, पोर्तुगीजांना व्यापार. शेजारचे जुने चौल मात्र निजामशाहीचेच राहिले. पुढे संबंध बिघडले. अली आदिलशहाने गोव्यावर, कालिकतच्या झामोरिनने चालियमवर आणि मुर्तझा निजामशहाने चौलवर, असा तिहेरी हल्ला १५७० मध्ये ठरला.

महिनोन्‌महिने तोफा धडाडल्या, घरे ढासळली, दोन्हीकडे माणसे मेली. चौल पडले नाही. जुलै १५७१ मध्ये तह करून निजामशाही फौज घाट चढून परत गेली.

हा वेढा का फसला? इतिहासकार फिरिश्ता थोडक्यात उत्तर देतो: निजामशाही सरदार फितूर झाले, म्हणून शत्रूला समुद्रातून रसद मिळत राहिली. पोर्तुगीजांनी त्यांना नजराणे देऊन वश केले होते, आणि त्या नजराण्यांत तो एका वस्तूचा मुद्दाम उल्लेख करतो. ती म्हणजे मद्य.

फिरिश्ता हा ऐकीव गप्पा लिहिणारा परका माणूस नव्हे. लहानपणीच तो वडिलांबरोबर अहमदनगरला आला, मुर्तझाच्याच दरबारी वाढला, तेथे चाकरीही केली. १५८९ मध्ये तो विजापुरास गेला आणि इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. तेव्हा नगरच्या अपयशाकडे पाहताना त्याच्या लेखणीला विजापुरी शाईही लागली असणे शक्य आहे.

त्याचे म्हणणे खोटे मानण्याचे कारण नाही, पण पुरेसेही नाही. समुद्राची वाट बंद करील असे आरमारच निजामशाहीपाशी नव्हते. गोव्याहून माणसे, दाणागोटा आणि दारूगोळा येत राहिला. ही उणीव मान्य करण्यापेक्षा चार सरदारांच्या पेल्यावर खापर फोडणे सोपे.

तरीही प्रश्न उरतो तो मद्याचाच. पोर्तुगीजांसाठी द्राक्षाचे मद्य चैनीची वस्तू नव्हती. लिस्बनहून निघणाऱ्या गलबतांवर ते पिंपांतून येई आणि खलाशांना शिध्यात मिळे. चर्चमधल्या मिस्सेला तर त्याच्यावाचून चालतच नसे. ईस्टरचे ताट मांडायचे, तर मद्य आधी वेदीवर आणि मग जेवणात. तटाबाहेर याच वस्तूचा अर्थ पालटला. धर्माने निषिद्ध, दरबारात मात्र सर्रास चालणारे आणि सातासमुद्रापलीकडून आलेले, म्हणून ते नजराण्याला साजेसे. सणाच्या पाकशास्त्रात त्याला जागा नव्हती. त्याचे स्थान मैफलीत.

त्या मैफलीचा पुरावा नगरच्याच साहित्यात आहे. खुरासानातून आलेला फारसी कवी जुहूरी याने आपले दीर्घकाव्य ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केले. साकी म्हणजे पेला भरून देणारा. मद्याचे निमित्त करून राजस्तुती आणि विरक्ती एकाच दमात गाण्याचा हा फारसी काव्यप्रकार. विशेष म्हणजे चौलला शह देण्यासाठी खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर ठाणे उभारले तेही याच बुऱ्हाणने. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तेही जिंकून घेतले.

नगरच्या स्वयंपाकघरात मात्र हे मद्य कधीच शिरले नाही. ईदला शीरखुर्मा, म्हणजे दूध आणि खजूर, दिवाळीला करंज्या-लाडू. पेला आणि ताट वेगळेच राहिले.

किनाऱ्यावर मात्र उलटे घडले. पोर्तुगालात मांस टिकवण्याची एक रीत होती: वाइन आणि लसूण यांत ते मुरवून ठेवायचे. तिचे नावही तेच सांगते, ‘विन्य द आल्यूश’. विन्य म्हणजे वाइन, आल्यू म्हणजे लसूण. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर हा पदार्थ आजही नाताळच्या जेवणाचा मान राखून आहे. हीच रीत जहाजातून कोकणपट्टीवर उतरली. येथे द्राक्षे नव्हती, आणलेली वाइन महाग होती. पण माडाची सुर होती. सुर आंबवून व्हिनेगर करायचे आणि वाइनच्या जागी तेच घालायचे, ही सोय रुळली. पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरचीही त्यात आली. गोव्यात त्याचे विंदालू झाले, वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांत इंद्याल. (विंदालूतल्या ‘आलू’चा बटाट्याशी काहीही संबंध नाही. हॉटेलवाल्यांनी तो खुशाल जोडला आहे.) ईस्ट इंडियन लग्नात आणि नाताळात इंद्याल असतेच, आणि ती घरे बोलतात मराठीचीच एक बोली.

रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजातून घडलेली एक मिश्र बोली कानी पडते. गावामागे डोंगरावर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतलेला तोच किल्ला आहे.