आलेख वर का चढला, खाली का आला? श्रीलंकेची गोष्ट

१९५० साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दर लाख लोकसंख्येमागे सुमारे साडेसहा आत्महत्यांची नोंद होत असे. १९९५ साली हा आकडा ४७ वर गेला. पंचेचाळीस वर्षांत सातपट! पुढील वीस वर्षांत मात्र तोच दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. एवढ्या थोड्या काळात एवढा चढ आणि एवढा उतार फार थोड्या देशांनी पाहिला असेल.

या प्रश्नाचे रूढ उत्तर समाजशास्त्राकडून येते. एमिल द्युर्कहाइम यांनी १८९७ साली आपल्या ग्रंथात मांडले की आत्महत्येचा दर हा समाजाची वीण किती घट्ट, किती सैल याचा निदर्शक असतो. त्या न्यायाने श्रीलंकेत कारणांची वाण नव्हती: बेकारी, तरुणांचे सशस्त्र उठाव, १९८३ पासूनचे यादवी युद्ध. पण येथेच गाडे अडते. युद्ध संपले २००९ साली; दर उतरू लागला १९९६ च्या सुमारास, ऐन युद्धात. बेकारी, घटस्फोट वा मद्यपान यांच्या आकड्यांशीही या उताराचा मेळ बसत नाही.

उत्तर सापडले ते शेतात. हरितक्रांतीबरोबर भातशेतीत तीव्र विषारी कीटकनाशके आली आणि त्यांच्या बाटल्या शेतकऱ्याच्या घरात राहू लागल्या. दर चढला तो प्रामुख्याने ग्रामीण भागात, त्यातही तरुणांत. यांतील कित्येकांनी दीर्घकाळ मरणाचा विचार केलेला नव्हता. घरातले भांडण, क्षणाचा संताप, असह्य झालेली एखादी संध्याकाळ. पूर्वी असा क्षण येई आणि ओसरून जाई. आता त्या क्षणाच्या हाताशी विष होते.

१९८० साली कीटकनाशक नियंत्रणाचा कायदा झाला. १९८४ पासून अतिविषारी रसायनांवर बंदी येऊ लागली आणि १९९५ पर्यंत त्या वर्गातील उरलेलीही गेली. त्यांची जागा दुसऱ्या एका रसायनाने घेतली, त्यानेही माणसे दगावू लागली, तेव्हा १९९८ साली तेही बंद झाले. २००८ ते २०११ या काळात आणखी तीन टप्प्याटप्प्याने हटवली गेली. १९९६ ते २००५ या दशकात आधीच्या दशकापेक्षा जवळजवळ वीस हजार आत्महत्या कमी झाल्या. आणि पिके? बंदीमुळे भाताचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही.

‘एक वाट बंद केली तर माणूस दुसरी शोधणारच’ हे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. ब्रिटनचा इतिहास याला साक्ष देत नाही. तेथे घरगुती वापराचा विषारी कोळसा-वायू जाऊन नैसर्गिक वायू आला आणि १९६३ ते १९७५ या काळात इंग्लंड व वेल्समधील वार्षिक आत्महत्या सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या.

तरीही एक गोष्ट दडवू नये. श्रीलंकेत विषबाधा होऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या त्या काळात घटली नाही. घटले ते मृत्यू. दुःख तेवढेच राहिले, माणसे वाचली. मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

विदर्भाविषयी आपण बोलतो ते कर्ज, कापसाचा भाव आणि पाऊस यांविषयी, आणि ते खरेच आहे. पण २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करतानाच विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कुठे शासनाने काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली. त्या बाटलीला आपल्याकडे सर्रास ‘औषध’ म्हणतात.

(हे वाचताना कोणाचे मन जड झाले असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते.)