मोटार बंद पडल्यावरचं दुकान

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. शंतनुराव किर्लोस्करांचा जन्मही सोलापूरचाच, १९०३ सालचा. पुढे वालचंदांच्या समूहात सातारा रोडचा कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना आला. तो मूळचा धनजीशा कूपर यांचा. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. शंतनुरावांच्या घराण्याने १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी केली. विहिरीवरची मोट सुटून तिच्या जागी डिझेल इंजिन बसू लागलं, तेव्हा आमच्याकडे पारावर वाद रंगायचे ते कूपर थोर की किर्लोस्कर थोर यावर. दोन सोलापूरकरांच्या कारखान्यांवरून चाललेला हा वाद मी लहानपणी पुष्कळ ऐकला.

मोठेपणी याच धंद्यात उमेदीची वर्षं गेली, सोलापूर शहरातल्या एका पंप-इंजिनांच्या एजन्सीत, पार्टच्या काउंटरवर. तिथे बसल्यावर त्या वादाचा उलगडा झाला. एखाद्या गावात कूपरचं नाव का निघायचं आणि शेजारच्या गावात किर्लोस्करचं का, याचं उत्तर इंजिनात फारसं सापडत नव्हतं. ज्या गावात ज्या दुकानाचा मिस्त्री वेळेवर पोचायचा, त्या गावात त्या दुकानाचं इंजिन थोर ठरायचं. सोलापूरच्या डीलरांचा इतिहास लिहायचा तर तो विक्रीच्या आकड्यांनी लिहू नये, असं मला तेव्हापासून वाटतं. यंत्र बंद पडल्यावर कोण काय करायचं, यावर तो लिहायला हवा.

गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय यंत्र खपत नाही, हे या धंद्याला फार आधी कळलं होतं. शंतनुरावांचे वडील लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्याची समजूत होती, आणि ती समजूत नुसत्या जाहिरातीने जाणारी नव्हती. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. आज त्या मासिकाकडे आपण साहित्याच्या अंगाने बघतो. पण ते सुरू झालं ते कारखान्याची, मालाची खबर गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला. वाडीतला कारखाना छापील कागदातून बोलत होता. सोलापूरच्या पेठेतल्या दुकानदाराला मात्र तोंडाने बोलावं लागायचं, आणि तेही चार भाषांत.

हा भाषेचा मुद्दा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अक्कलकोट, मंद्रूप, इंडीकडचा शेतकरी कन्नड बोलत यायचा. साखर पेठेतला, अशोक चौकातला यंत्रमागवाला पद्मशाली समाजाचा, घरात तेलुगू. मिस्त्री लोकांत दखनी चालायची. बार्शी-मोहोळचा माणूस मराठी. बिघाड सांगताना माणूस आपल्या भाषेत जातो. इंजिन 'धक्का मारतंय' की 'दम सोडतंय', मोटार 'घुमतेय' की 'थरथरतेय', या शब्दांतच अर्धं निदान असतं. आमच्याकडे काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना चारही भाषा यायच्या. कन्नड गिऱ्हाइकाला ते 'बर्री, कुंद्री' म्हणत, बसवून घेत, मग विचारत. त्यांच्यामुळे चुकीचा पार्ट क्वचितच गावाला जायचा. समोरच्या पेठेत एका चकचकीत दुकानात हे करणारं कुणी नव्हतं. शेतकरी नग हातात घेऊन उभा राहायचा, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा नग घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी तिकिटाचे पैसे घालून परत यायचा.

डिझेल इंजिनाच्या काळातला सेवेचा फरक मला सगळ्यात जास्त नोझलवर दिसला. इंजिन काळा धूर टाकू लागलं की शेतकरी नोझल काढून फडक्यात गुंडाळून आणायचा. चांगल्या दुकानात टेबलाला एक टेस्टर पक्का बसवलेला असायचा. नोझल त्याच्यावर चढवायचं, दांडा दाबायचा, काट्याकडे बघायचं. काटा दोनशेच्या आसपास गेला की नोझल 'कर्र' करून बारीक धुक्यासारखी फवार सोडतं. ते नोझल चांगलं. फवारीऐवजी पिचकारी आली किंवा टोकाला थेंब लोंबला, तर सुई बसत नाही. मग पेस्ट लावून सुई घासायची, धुवायची, पुन्हा चढवायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागायचं आणि शेतकऱ्याला घासणावळीचे थोडेच पैसे पडायचे. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचं. फवार बघून त्याला स्वतःलाच कळायचं की नवं घ्यायला हवं की नको. काही दुकानांत टेस्टर नव्हता, काहींत होता पण त्याच्यावर कापड टाकलेलं. तिथे प्रत्येक नोझल 'गेलेलं'च निघायचं आणि नवं हातात पडायचं. नव्यावर कमिशन होतं, घासणावळीत फक्त वेळ जायचा. पण ज्यांनी वेळ घातला त्यांच्याकडे मुलगाही आला आणि नातूही आला, हे मी खात्रीने सांगतो.

१९६० साली महाराष्ट्राबरोबर राज्य वीज मंडळ झालं, तारा हळूहळू खेड्यांत गेल्या आणि इंजिनाच्या जागी मोटारी आल्या. तारांच्या टोकाला दाब कमी असायचा. तीन फेजपैकी एक गेला तरी मोटार ओढत राहायची आणि जळायची. शहरात मोटारी भरणाऱ्यांची दुकानं वाढली ती या कारणाने. त्यांतले कितीतरी कारागीर गिरण्यांच्या इलेक्ट्रिक खात्यात शिकलेले होते. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडल्यावर आणखी काही हात या कामात आले. गिरणीची शिस्त त्यांच्या अंगात होती.

मोटार भरण्याच्या धंद्यात फसवायला फार जागा आहे, म्हणून इथे चांगला आणि वाईट यांतलं अंतरही फार. जळकी वेटोळी छिन्नीने तोडून काढतात, खाचा साफ करतात, नवा कागद घालतात, तांब्याच्या नव्या तारेचे मोजून वेढे देतात, वार्निश करून भट्टीत वाळवतात. तार एक गेज बारीक वापरली किंवा वेढे कमी दिले, तरी मोटार सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. ती तापते, आणि भर हंगामात पुन्हा जळते. दोष मग वीज मंडळाच्या माथी. आमची कामं ज्या कारागिराकडे जायची तो जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवायचा, वजन वहीत लिहायचा आणि त्याची किंमत बिलातून वजा करायचा किंवा तांबं पिशवीत घालून परत द्यायचा. मग टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारेचं गेज, वेढे आणि तारीख रंगाने लिहायचा. पुढच्या वेळी ती मोटार दुसऱ्या कुणाकडे गेली तरी त्याला वाचता यावं म्हणून. जुनं तांबं दुकानातच राहतं, असा अलिखित नियम अनेकांनी करून ठेवला होता. त्या तांब्याचे पैसे थोडे नसतात.

यंत्रमागवाल्यांची निकड वेगळी होती. मागाची मोटार एक हॉर्सपॉवर किंवा त्याहूनही लहान, पण ती बंद पडली की चादर, टॉवेल विणणाऱ्या कामगाराची मजुरी तिथल्या तिथे थांबते, कारण मजुरी विणलेल्या नगावर. 'उद्या बघू' इथे चालतच नाही. कारखान्यातून पोरगा सायकलवर मोटार बांधून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "काय करुलालाव अण्णा, माग थांबलाय!" म्हणून साखर पेठेच्या बाजूच्या दुकानांनी एक पद्धत पाडली. भरून ठेवलेल्या मोटारी फळीवर तयार. जळकी द्या, भरलेली न्या, फरकाचे पैसे द्या. ही पद्धत शेतीच्या मोटारींना फारशी लागू झाली नाही याची मला कायम खंत वाटते. शेतकऱ्याला आपली मोटार आपलीच हवी असते, कबूल आहे. पण निदान चार दिवसांसाठी बदली मोटार द्यायला काय हरकत होती? एक-दोन दुकानदार द्यायचे, तेही ओळखीच्यांना. बाकीच्यांच्या दारात ऊस वाळत असलेली माणसं बाकावर बसून राहायची.

उधारीबद्दल फार लिहीत नाही. ऊसबिल आलं की किंवा गड्ड्याच्या यात्रेला शहरात आलं की हिशेब पुरा, ही सगळ्यांची सारखीच रीत होती.

खरी परीक्षा हंगामात, पार्ट संपल्यावर. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली असते, घड बाहेर पडत असतात आणि आभाळ येतं. डाऊनी रोग येणार हे बागायतदाराला पानं बघून कळतं. फवारणी पहाटे झालीच पाहिजे. नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका, शरद सीडलेस या जाती पुढे आणल्यापासून आमच्या उत्तर सोलापूर तालुक्यात या दिवसांना किती मोल आलं ते इथल्या माणसालाच ठाऊक. अशाच एका संध्याकाळी एक बागायतदार फवारणीच्या एचटीपी पंपाचा प्रेशर सोडणारा वॉल्व्ह घेऊन आले. आमच्याकडे तो पार्ट नव्हता, कंपनीच्या डेपोतही नव्हता. मालक दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "नवा खोका फोड." नव्या पंपाचा वॉल्व्ह काढून मी बागायतदारांच्या हातात दिला. मालकांनी पैसे फक्त वॉल्व्हचेच घेतले. तो पंप पार्ट येईपर्यंत कोपऱ्यात पडून राहिला, विकता आला नाही, आणि कंपनीच्या माणसाने येऊन वर सुनावलं ते वेगळंच. त्याच संध्याकाळी ते बागायतदार आधी दुसऱ्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथे शोकेसमध्ये तसेच पंप उभे होते आणि उत्तर मिळालं होतं, "कंपनीला कळवलंय." हे उत्तर खोटंही नव्हतं. पण पहाटेच्या फवारणीला त्याचा उपयोग नव्हता.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठी मोटारींचा पूर आला. पाणी चढलं की मोटार वर ओढायची, उतरलं की पाइप आणि केबल वाढवत तिच्यामागे जायचं. काठावरच्या गावांतल्या दुकानदारांनी केबलचे तुकडे जोडून देण्यापासून रात्री ट्रॅक्टर पाठवण्यापर्यंत सगळं केलं. शहरातल्या एजन्सींना ते जमलं नाही. इथे लहान दुकान मोठ्या दुकानावर सरस ठरलं, कारण ते जवळ होतं. नंतर विहिरी आटत गेल्या, बोअर खोल गेले आणि पाणबुडी मोटार आली. उघड्या मोनोब्लॉकजवळ मिस्त्री बसायचा, कान लावायचा, हात ठेवायचा. पाणबुडी शेकडो फुटांवर. ती वर काढायला तिपाई, साखळी-कप्पी आणि चार माणसं लागतात, त्यांची मजुरी पार्टाहून जास्त होते. त्यामुळे विकतानाच नीट विचारणारा डीलर मोलाचा झाला: बोअर किती खोल, पाणी कितीवर लागतं, केबल कोणत्या जाडीची टाकणार? हे न विचारता 'साडेसातची न्या, जोर आहे' म्हणणाऱ्यांनी किती बोअर कोरडे ओढून मोटारी जाळायला लावल्या असतील!

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ पासूनच उभी केली होती, पण आमच्या पेठेत पक्क्या पावतीची आणि हमीपत्रावरच्या शिक्क्याची चाल पडली ती या कायद्यानंतर. जुन्या दुकानदारांना हे अपमानाचं वाटायचं, 'आमचा शब्द पुरत नाही का' म्हणायचे. मला ते पटत नव्हतं. शब्द ओळखीच्या पाटलांना पुरायचा. पहिल्यांदा मोटार घेणाऱ्या कोरडवाहू माणसाला, एकट्या बाईला, दुकानात शब्द देणारं कुणी नसायचं. त्यांना शिक्का मारलेला कागद मिळाला, हे फार चांगलं झालं. नंतर भारनियमनाच्या वर्षांत जनरेटर-इन्व्हर्टर विकणारी नवी दुकानं आली, त्यांच्याकडे कागद सगळे होते आणि मिस्त्री एकही नव्हता.

आता सौर पंप आले आहेत. २०२४ सालच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी. पुरवठादार शेतकऱ्याने यादीतून निवडायचा. दिवसा पाणी मिळतं, रात्री साप-विंचवात जावं लागत नाही, याहून मोठं सुख शेतात दुसरं नाही. पण त्या यादीत कंपनीचं नाव असतं. तिचा माणूस कोणत्या तालुक्यात राहतो आणि कंट्रोलरचे नग सोलापुरात ठेवलेत की पुण्यात, हे नसतं. कंट्रोलर बंद डबा आहे, त्याचा नकाशा आमच्या कारागिरांना मिळत नाही. मोटार भरणारा त्याला हात लावू शकत नाही, आणि लावला तर हमी जाते. हमीच्या पाच वर्षांत निदान एक शिकवलेला माणूस आणि चार कंट्रोलर प्रत्येक तालुक्याला ठेवणं पुरवठादारावर बंधनकारक करावं, असं माझं मागणं आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, करारात दोन ओळी वाढवल्या की होतं.

माझ्या ओळखीच्या एका तरुण शेतकऱ्याने यादी उघडण्याआधी गावात ज्यांचे पंप बसले आहेत त्यांची घरं गाठली. पॅनेल कुणाचं, मोटार कुणाची हे त्याने विचारलं नाही. बंद पडला तेव्हा फोन कुणी उचलला, माणूस कुठून आला आणि कितव्या दिवशी, एवढंच विचारलं, नावं वहीत लिहिली आणि मग अर्ज भरला.