मोसंबीच्या रोगाचा शोध

मोसंबीचे झाड शेंड्याकडून वाळू लागले की बागाईतदार प्रथम जमिनीला दोष देतो, मग पाण्याला, मग खताला. त्याला हसण्याचे कारण नाही. शास्त्रज्ञही कित्येक वर्षे असेच चाचपडत होते.

दक्षिण चीनमध्ये या रोगाला ह्वांगलाँगबिंग, म्हणजे पिवळ्या फुटीचा रोग, म्हणतात. हिरव्यागार झाडावर एखादीच फांदी पिवळी पडते. फळ लहान, वेडेवाकडे होते आणि तळाशी हिरवेच राहते. रोगट कलमाबरोबर हा रोग निरोगी झाडात जातो, असे लिन कुंग-श्यांग यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले, आणि जमिनीवरील आळ टळला. भारतातील शेंडेमरीच्या मुळाशीही पुष्कळ अंशी हाच रोग आहे, हे १९६६ च्या सुमारास उमगले. लगेच १९६७ साली कपूर, राव व विश्वनाथ या संशोधकांनी सिला नावाची इवलीशी कीड तो पसरविते, हे दाखविले.

वाहक सापडला, पण कारण? तोवर सारे विषाणूचेच नाव घेत. १९७० साली लाफ्लेश व बोव्हे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या रसवाहिन्यांत जीवाणूसारखे सूक्ष्म जीव दिसले. मात्र हा जीवाणू प्रयोगशाळेत वेगळा काढून वाढविता येईना. आजही त्याच्या शास्त्रीय नावामागे ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, हा शब्द लागतो तो याचमुळे! पानांवरून ओळखावे, तर जस्ताच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. जस्त कमी पडल्यास मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, या रोगात चट्टे बेमेळ असतात. पण एवढ्या पुराव्यावर फळते झाड तोडायला कोणाचा हात धजेल? खात्रीसाठी संशयित झाडाची काडी निरोगी रोपावर बांधून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे.

ही कोंडी रेणूंच्या परीक्षेने फुटली. जीवाणू हाती येत नसला तरी त्याचा डीएनए पानातून काढता येतो. १९९४ साली बोव्हे यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील एका जनुकाचा क्रम वाचून त्याचे कूळ निश्चित केले, आणि १९९६ पर्यंत पीसीआर चाचणी सिद्ध झाली. या चाचणीत जीवाणूच्याच डीएनएचा नेमका तुकडा फेरीगणिक दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होऊ शकतात. महिन्यांचे काम दिवसांवर आले.

तरीही सावध असावे. जीवाणू झाडात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. पूर्वेच्या फांदीचे पान निर्दोष ठरावे आणि पश्चिमेच्या फांदीत रोग असावा, असे घडते; म्हणून नमुने चहूबाजूंनी घ्यावे लागतात. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वी झाड वर्षभर किंवा अधिक काळही निरोगी भासते आणि तेवढ्यात सिला तेथून रोग नेते. फ्लोरिडात ही कीड १९९८ साली आढळली, रोग २००५ साली. तो हाती लागला तेव्हा बागांतून मुळे धरून बसला होता.