पहिल्या घासाआधी

कॉलेजात असताना, तेव्हाच्या अहमदनगरला, एका ख्रिस्ती मित्राच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो. ताटात बाजरीची भाकरी आणि रस्सा होता. भूक सपाटून लागली होती. मी घास मोडला आणि पाहतो तर बाकीचे सगळे डोळे मिटून, हात जोडून बसलेले. मित्राच्या वडिलांनी दोन-तीन वाक्यांत देवाचे आभार मानले, सगळे 'आमेन' म्हणाले आणि जेवण सुरू झालं. मी ओशाळलो. आमच्याही घरी श्लोक म्हटल्याशिवाय पानाला हात लावायची सोय नव्हती. पण श्लोक पाठ होता एवढंच. त्यात कुणाचे आभार असतात, हे कधी मनात आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी विचारलं, "काका, रोज तेच म्हणून त्याची नुसती सवय होत नाही का?" ते हसून म्हणाले, "होते ना. सवय असते म्हणून तर वाईट दिवसांतही तोंडातून निघतं." तेव्हा मला ते उत्तर जरा सोपं वाटलं. पुढे इतिहास शिकवू लागलो आणि मार्टिन रिंकार्ट या जर्मन धर्मगुरूची हकिकत वाचनात आली, तेव्हा त्याचं वजन कळलं.

रिंकार्ट १५८६ साली लाइपझिगजवळच्या आयलेनबर्ग या गावी जन्मला. वडील लाकडी पिंपं बनवणारे कारागीर. मुलगा लाइपझिगला शिकला आणि १६१७ मध्ये आपल्याच गावात धर्मगुरू म्हणून परतला. पुढच्याच वर्षी युरोपात ते भयंकर युद्ध पेटलं, जे १६४८ पर्यंत तीस वर्षं चाललं. आयलेनबर्गला तटबंदी होती. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतली माणसं जीव वाचवायला तिथे येत राहिली. गाव माणसांनी खच्चून भरलं आणि १६३७ साली प्लेगनं त्याला गाठलं.

गावातल्या धर्मगुरूंपैकी एक निघून गेला, दोघे मरण पावले. त्या दोघांना मूठमाती रिंकार्टनंच दिली. मग उरला तो एकटा. दिवसाला चाळीस-पन्नास प्रेतांवर अंत्यसंस्काराची प्रार्थना म्हणायची. अशा चार हजारांहून अधिक माणसांना त्यानं निरोप दिला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची बायकोही गेली. मागोमाग दुष्काळ आला. मेलेल्या मांजरासाठी, कावळ्यासाठी माणसं रस्त्यात भांडत होती. रिंकार्टनं घरात होतं नव्हतं ते वाटून टाकलं. शेवटी मुलांच्या अन्नवस्त्रासाठी त्याला पुढचं उत्पन्न गहाण टाकावं लागलं.

याच माणसानं लिहिलेलं देवाच्या आभाराचं एक गीत आज जगभरच्या चर्चमध्ये गायलं जातं. आईच्या कुशीत असल्यापासून ज्यानं सांभाळलं त्याचे आभार, आणि पुढच्या आयुष्यासाठी आनंदी मन आणि शांतता यांची मागणी, असा त्याचा आशय. १८५८ मध्ये कॅथरीन विंकवर्थ यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि ते इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही घरोघरी पोचलं.

हे गीत १६४८ च्या तहाच्या आनंदात लिहिलं गेलं, अशी एक समजूत आहे. ऐकायला ती पटतेही. युद्ध संपलं, देवाचे आभार मानले! पण योहान क्रूगरनं ते चालीसह छापलं ते १६४७ साली, म्हणजे तहाच्या आधी. आणि रिंकार्टच्या प्रार्थनांच्या पुस्तकाच्या १६६३ च्या आवृत्तीत या गीतावर मथळा आहे : 'जेवणाच्या वेळची छोटी प्रार्थना'. म्हणजे ज्याला जग विजयगीत समजत आलं, ते मुळात घरातल्या टेबलाभोवती बसून म्हणायचं होतं. पुढे १७५७ मध्ये लॉयथनची लढाई जिंकल्यावर प्रशियाच्या सैनिकांनी तेच गायलं आणि त्याच्या मागचं ताट आणखीनच विसरलं गेलं.

ख्रिस्ती धर्मात आभार आणि अन्न यांची गाठ तशी पहिल्यापासूनची. भाकरी मोडण्याआधी देवाचे आभार मानण्याची ज्यू लोकांची रीत येशूनं पाळली. शेवटच्या भोजनाच्या रात्रीही, पुढे काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असताना, त्यानं आधी आभार मानले. त्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीला 'युखरिस्त' म्हणतात. या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'आभार मानणं' असा आहे. संत पौलानं थेस्सलनीका इथल्या मंडळीला सर्व परिस्थितीत आभार माना, असं लिहिलं. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. सर्व परिस्थिती'त' आभार मानणं वेगळं आणि सर्व परिस्थिती'बद्दल' आभार मानणं वेगळं. रिंकार्टनं प्लेगबद्दल देवाचे आभार मानले, असं कुणी म्हणणार नाही. बायकोच्या मरणाबद्दल तर नाहीच. त्या दिवसांतही जो तुकडा ताटात होता, त्याबद्दल आभार मानायची त्याची शिकवण होती. आणि ज्याला ताटातलं अन्न दिलेलं वाटतं, त्याला ते दुसऱ्याला देणं सोपं जातं. आपल्या मुलांच्या वाट्यातलं वाटून टाकणारा हा माणूस आभाराची नुसती गाणी लिहीत नव्हता.

१६३९ मध्ये स्वीडिश सैन्यानं गावाकडे तीस हजार थॅलरची खंडणी मागितली. रिंकार्टनं रदबदली केली, सेनापती ऐकेना. तेव्हा तो गावकऱ्यांना घेऊन प्रार्थनेला गुडघ्यांवर बसला. अखेर खंडणी दोन हजारांवर आली. युद्ध संपल्यानंतर जेमतेम वर्षभरानं, डिसेंबर १६४९ मध्ये, तो वारला.

मित्राचे वडील आता नाहीत. त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर मी भेटायला गेलो होतो, तेव्हा सुनेनं आम्हां दोघांना जेवायला वाढलं. काकांनी डोळे मिटले. आवाज कापत होता, मध्ये एकदा थांबलाही. पण ती दोन-तीन वाक्यं त्यांनी पुरी केली. या वेळी मी घास मोडलेला नव्हता.