मनगटापासून हनुवटीपर्यंत : स्कीच्या लांबीचा इतिहास

बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांचा, म्हणजे स्कीचा, इतिहास सांगताना बहुतेक लेखक शर्यती आणि विजेते यांतच रमतात. आम्हांला या विषयाकडे ओढले ते एका साध्या प्रश्नाने : स्की किती लांब असावी? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या घरांतली नातवंडे आता डेन्व्हर-म्युनिकला नांदत आहेत. हिवाळ्यात ती डोंगरावर जातात, तेव्हा दुकानदाराशी त्यांचे पहिले बोलणे याच प्रश्नावर होते. त्याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. काही बदलांमागे शास्त्र होते, काहींच्या आड निव्वळ अहंकार उभा राहिला.

आरंभी स्की हे खेळाचे साधन नव्हतेच; ते वाहन होते. नॉर्वेतील डिगरवार्डन येथील बर्फ वितळू लागल्यावर २०१४ साली एक स्की हाती आली आणि २०२१ साली तिची जोडीदारीण सापडली. दोन्ही सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या. दुसरीची लांबी १८७ सेंटीमीटर, रुंदी १७. मऊ बर्फात माणूस रुतू नये म्हणून त्याचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवायचा, एवढाच त्यामागचा हिशेब होता. पुढे स्कँडिनेव्हियाच्या काही भागांत तर एक पाय लांब स्कीवर आणि दुसरा कातडे लावलेल्या आखूड स्कीवर, अशी पद्धत रूढ झाली. लांब स्कीने घसरायचे, आखूड स्कीने रेटा द्यायचा. आपल्याकडे विजोड जोडी म्हटली की नाके मुरडतात; तिकडे तिच्यावर पिढ्यान्पिढ्यांचा संसार चालला.

खरी क्रांती झाली ती टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल या खेड्यात. सोंद्रे नोर्हेम (१८२५–१८९७) हा तेथला गरीब कूळ शेतकरी. त्याने पिळलेल्या फांद्यांचा बंध टाचेमागून घेतला, त्यामुळे वळताना आणि उडी घेताना स्की पायाशी राहू लागली. शिवाय स्कीला त्याने 'कंबर' दिली. टोक व शेपूट रुंद, मध्यभाग निमुळता. ही कंबर वाचकांनी नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. अशी स्की कडेवर कलवून तिच्यावर भार दिला की ती वाकते, आणि तिची कड बर्फावर वर्तुळाचा एक कंस कोरते. कंबर जितकी खोल, तितके ते वर्तुळ लहान. सरळ पट्टी मात्र ओढून, ढकलूनच वळवावी लागते. १८६८ साली नोर्हेमने राजधानी ख्रिस्तियानियात जाऊन आपले कौशल्य दाखवले. १८८४ मध्ये पोटासाठी तो अमेरिकेला गेला आणि नॉर्थ डकोटाच्या सपाट प्रदेशात वारला.

नान्सेनने १८८८ साली ग्रीनलँड स्कीवरून ओलांडले आणि त्या प्रवासाचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. तो वाचून ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्डच्या मातियास झ्दार्स्कीने नॉर्वेहून स्की मागवल्या. आल्प्सच्या उभ्या उतारावर त्या लांबलचक पट्ट्या निरुपयोगी ठरल्या. झ्दार्स्कीने त्या आखूड केल्या, बंध बदलला आणि आपल्या तंत्रावर पुस्तक लिहिले. नॉर्वेच्या अभिमान्यांना हे मुळीच रुचले नाही, वाद बराच काळ धुमसला. आमच्या मते त्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या डोंगरापुरते बरोबर होते.

पुढे १९२६ मध्ये साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने पोलादी कडांचे पेटंट घेतले, तर १९५० च्या सुमारास विमान-कारखान्यातील अनुभव असलेल्या अमेरिकेच्या हॉवर्ड हेडने ॲल्युमिनियमच्या थरांची स्की बाजारात आणली. पण लांबीचा नियम कायम राहिला : हात वर करावा, स्की मनगटाला टेकली पाहिजे. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला हा नियम दोन मीटरहून लांब स्की देतो. सरळ स्कीला वेगात स्थिर राहण्यासाठी लांबी हवीच होती, हे खरे. पण हळूहळू ती प्रतिष्ठेची खूण बनली. जितकी लांब पट्टी, तितका मर्द गडी! १९६० च्या दशकात क्लिफ टेलर या शिक्षकाने नवशिक्यांना तीन फुटी स्कीवर उभे करून, शिकतील तशी लांबी वाढवत नेण्याची पद्धत मांडली, तेव्हा जाणत्यांनी त्या स्कीला खेळणे म्हटले. नवशिके मात्र भराभर शिकत होते.

उत्तर मिळाले ते लांबीतून नव्हे, कमरेतून. १९९१ साली स्वतंत्र झालेल्या चिमुकल्या स्लोव्हेनियातील एलान या कारखान्यात युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी खोल कमरेची स्की तयार केली. १९९३ च्या सुमारास ती 'एससीएक्स' नावाने बाजारात आली. नोर्हेमचीच कल्पना, धीटपणे पुढे नेलेली. स्की आपणहून वळू लागल्यावर लांबीची सक्ती उरली नाही आणि दहा वर्षांच्या आत मनगटाचा नियम इतिहासजमा झाला. स्लालोमच्या स्की इतक्या आखूड होऊ लागल्या की आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला उलटा नियम करावा लागला : पुरुषांना किमान १६५ सेंटीमीटर, स्त्रियांना १५५. जायंट स्लालोममध्ये गुडघ्याच्या दुखापती रोखण्यासाठी महासंघाने २०१२–१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या स्कीची त्रिज्या किमान ३५ मीटर ठरवली. अमेरिकेच्या टेड लिगेटीने त्यावर कडाडून टीका केली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सोल्डनला त्याच नव्या स्कीवर २.७५ सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. पुढे २०१७ मध्ये ती मर्यादा ३० मीटरवर आली.

२००२ साली शेन मॅकॉन्कीच्या आग्रहातून 'स्पॅट्युला' ही उलट्या कमानीची, दोन्ही टोके वर उचललेली रुंद स्की निघाली. भुसभुशीत बर्फावर ती होडीसारखी तरंगे. आज ज्या स्कीला 'ऑल-माउंटन' म्हणतात, ती या साऱ्या धाग्यांची संतती आहे : मध्यभागी जुनी कमान, टोकाशी उचल, बाजूंना कंबर. कमरेची रुंदी साधारण ८० ते १०० मिलिमीटर आणि लांबी हनुवटीपासून माथ्यापर्यंत कोठेही. नवशिका किंवा हलका माणूस हनुवटीकडे, वजनदार वा वेगाचा शौकीन माथ्याकडे. टोके उचललेली असली की कडेचा थोडाच भाग बर्फाला टेकतो, म्हणून तशी स्की पाच-सात सेंटीमीटर लांब घेतलेली बरी. वर्षातून आठ-दहा दिवस रोलर फिरवलेल्या उतारावर जाणाऱ्याने ८५ मिलिमीटरच्या आसपास राहावे, असे आमचे मत. शंभराची रुंद स्की घेऊन टणक बर्फावर कड पालटताना घाम गाळण्यात काय हशील?

भारतात हा प्रश्न नवा नाही. गुलमर्गला स्की क्लब १९२७ साली निघाला आणि १९४८ मध्ये लष्कराची स्की शाळा सुरू झाली, तीच आजची हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. तेथे २००५ पासून पाळणा अफरवटच्या खांद्यापर्यंत नेतो आणि वरचा बर्फ खोल, न दाबलेला असतो. तेथे रुंद स्कीच कामाची. औलीच्या दाबलेल्या उतारावर तीच जड वाटेल.

लांबी-रुंदीच्या चर्चेत बाइंडिंग विसरले जाते. पडताना बूट स्कीपासून केव्हा सुटावा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि घसरण्याची धाटणी यांवरून ठरवतात. भाड्याची स्की घेतानाही हा तपशील दुकानात लिहून द्यावा. वजन खरे सांगावे. कमी सांगितले तर बूट वाटेतच सुटतो. वाढवून सांगितले तर पडतानाही सुटत नाही, आणि मग पिळवटतो तो गुडघा.