शिवणयंत्राची साक्ष

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले, हे सर्वश्रुत आहे. ज्या घरांत ते यंत्र शिरले, त्या घरांच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांमागोमाग अनेक मराठी कुटुंबे येथे आली. अशाच एका घरच्या माळ्यावरचे हातयंत्र आम्ही दुरुस्तीस आणले. जुनी यंत्रे जमवून चालती करण्याचा नाद आम्हास फार दिवसांचा. गोठलेले तेल रॉकेलने सुटले, होडीसारखे शटल पुन्हा धावू लागले. सोनेरी वेलबुट्टीला मात्र आम्ही हात लावला नाही. पूर्वी एका यंत्रावर स्पिरिट चोळले, तेव्हा लाखेच्या रोगणाबरोबर नक्षीही पुसली गेली होती. ती चूक अजून टोचते.

यंत्र १९१४ च्या लग्नात आंदण आले, असे घरी सांगत. तळपट्टीवर ठोकलेला क्रमांक 'वाय' अक्षराने सुरू होत होता. ही मालिका स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याची, आणि १९२० नंतरची. क्रमांक कारखान्याला आगाऊ, एकगठ्ठा नेमून दिले जात. त्यावरून विक्रीचे साल ठरत नाही, पण यंत्र त्याआधीचे नाही एवढे निश्चित. लग्नातले यंत्र निराळे असेल, किंवा स्मृतीत दोन प्रसंग एक झाले असतील.

घरच्या वृद्ध आजींना हे सांगावे की नाही, या विचारात आम्ही दोन दिवस घालविले. अखेर सांगितले. चाकावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मग हे घेतले कोणी?"